सगळ्यांना ताईंचीच काळजी

माझ्या नणंदेच्या वाट्याला जेवढे फुकटचे वैद्य आले, तेवढे अख्ख्या मिनेसोटात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नसतील. ईडन प्रेरीतल्या कुठल्याही मराठी घरात ताई पाऊल टाकतात, बूट काढायला भिंतीचा आधार घेतात, आणि दुसरा बूट पायातून निघायच्या आत कोणीतरी त्यांना मेथीचं पाणी सांगितलेलं असतं. कोणी जिऱ्याचं सांगतं, कोणी सब्जाचं. एकजण म्हणते संध्याकाळी सहानंतर तोंडात काही घालू नका, दुसरी म्हणते दुपारी एकपर्यंत काही घालू नका, आणि तिसरीनं मधल्या वेळेत फक्त फळं सांगितलेली असतात. यातली खरी मौज अशी की ताई स्वतः फार्मसिस्ट आहेत. हॉस्पिटलच्या फार्मसीत त्यांची हयात गेली, भल्याभल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांतल्या चुका त्यांनी पकडल्या. पण आपल्या लोकांपुढे त्या अशा बसतात की जणू औषध हा शब्दच आज पहिल्यांदा ऐकला. पर्समधून पेन काढतात. ‘किती चमचे म्हणालात? रिकाम्या पोटी की जेवणानंतर? आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर?’ इथपर्यंत आलं की सांगणारी बाई गडबडते. ‘ते जरा विचारून सांगते हं,’ असं म्हणते. ‘विचारून सांगा,’ ताई म्हणतात, ‘तोवर मी जेवून घेते.’

ताई जाड आहेत. हा शब्द मी लिहिते आहे तो त्यांच्याच हुकमावरून. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मी एकदा कोणालातरी ‘आमच्या ताई जरा अंगानं भरलेल्या आहेत’ असं काहीसं सांगत होते, ते त्यांनी ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘अगं, जाड म्हण. माझ्याभोवती शब्द गुंडाळत बसू नकोस, मला आधीच कापड जास्त लागतं.’ तेव्हापासून मी त्यांच्या प्रेमात पडले ती पडलेच. त्यांच्या गाडीच्या डिकीत एक हिरव्या कापडाची घडीची खुर्ची असते. पार्कमधल्या एका सहलीत मराठी मंडळाची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्याखाली मोडली, तेव्हापासून त्या कुठेही गेल्या की ही खुर्ची काखेत मारून जातात. लोकांचा हॉल कसा, पांढरा सोफा, काचेचं टेबल, भिंतीवर मोठ्ठं वारली चित्र, आणि त्यात मधोमध ताई आपली कॅम्पिंगची खुर्ची फटकन उघडून मांडतात. यजमानीण ओशाळते. ‘अहो ताई, सोफ्यावर बसा ना.’ ‘सोफा छानच आहे,’ ताई म्हणतात, ‘पण त्यातून मला उठवायला दोघं लागतात, आणि ते दोघं मग वर्षभर ते सांगत फिरतात.’

त्यांचा एक कान कमी ऐकतो, त्याचीही गोष्टच आहे. कान ठणकतो म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या. नवा डॉक्टर होता, त्यानं कानात डोकावण्याआधी वजनकाट्यावर उभं केलं आणि वजन कमी करा म्हणून लांबलचक प्रवचन दिलं. ताईंनी शांतपणे विचारलं, ‘दोन्ही कानांचं कमी करू की फक्त दुखऱ्याचं?’ त्याला विनोद कळला नाही. कानातला जंतुसंसर्ग पुढे तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी शोधला, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. ही गोष्ट ताई इतकी रंगवून सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत हसून पाणी येतं, आणि त्यात एका बाईचा कान गेला हे कोणाच्या लक्षातच येत नाही. जेवणाच्या पंगतीत त्या सल्ला देणाऱ्यांना बरोबर त्या कानाच्या बाजूला बसवून घेतात. आणि स्वतः व्यवस्थित जेवतात. भरलं ताट, वर साजूक तूप, श्रीखंड असेल तर दोनदा. कोपऱ्यात लपून, पाठ करून असं नाही, सगळ्यांच्या नजरेसमोर, एकेक घास चवीनं. मी एकदा विचारलंही, तुम्हाला लाज नाही वाटत का हो, म्हणजे लोक बघतात म्हणून. ‘मी सॅलडचं पान चघळत बसले तरी म्हणणार, घरून खाऊन आली असेल,’ त्या म्हणाल्या. ‘मग निदान श्रीखंड तरी का सोडू?’

अशी दहा मिनिटं हसवून झाली की कधीकधी त्या मध्येच एखादी गोष्ट सांगून जातात आणि मग आपल्या हातातला चहा तसाच गार होतो. त्यांच्या फार्मसीत एक टेक्निशियन होता. गोरा, चाळिशीचा, दारूनं पार कामातून गेलेला. तो दोन महिने उपचारांना गेला आणि परत आला, त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्यासाठी केक आणला, कार्डावर सह्या केल्या, मॅनेजर म्हणाली की हा आजार आहे आणि याच्याशी लढायला फार धैर्य लागतं. ‘मला खरंच बरं वाटलं गं,’ ताई म्हणाल्या. ‘मी पण सही केली, चार ओळी जास्तच लिहिल्या. मग केक कापला. मी माझा तुकडा उचलला, तर शेजारची म्हणते, आर यू शुअर?’ एवढं सांगून त्या आपल्या बशीतली बाकरवडी मोडायला लागल्या. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? ‘खाल्ला की,’ त्या म्हणाल्या. ‘पण चव नाही लागली.’

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. ताईंचा हा धाकटा भाऊ, ताई त्याला अजून पिंट्या म्हणतात, आणि त्याच्या ऑफिसातल्या साठ माणसांना हे कळलं तर त्यांचा आठवडा मजेत जाईल. उंच, सडपातळ, डोक्यावरचे केस सगळे जागच्या जागी. उन्हाळ्यात तळ्याभोवती पळायचा, शर्यतींचे टी-शर्ट घालून मिरवायचा. आणि प्यायचा. हे एक वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते माझं मला माहीत. इथल्या प्रत्येक घराला बेसमेंट असतं, आमच्याही आहे, आणि त्यात नवऱ्यानं स्वतःच्या हातानं ओक लाकडाचा बार केला होता. कोणीही आलं की पुरुषमंडळी आधी तो बघायला खाली उतरायची ती जेवायच्या हाका मारून घसा बसला तरी वर येत नसत. वर आम्ही बायका पुऱ्या तळत ताईंना सल्ले देत असायचो. पण तो जिना उतरून एकही सल्ला कधी खाली गेला नाही. तो पितो म्हणजे तो दिलदार. त्याच्या कामाला ताण फार, शिवाय कंपनी देतो, रंगात येतो. एका चार जुलैच्या सुट्टीत दुपारी तो कोणाच्यातरी डेकच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आला आणि हातातला ग्लास तेवढा सांडू दिला नाही. लोक ही गोष्ट अजून कौतुकानं सांगतात. ताईंची खुर्ची मोडली ती त्याच उन्हाळ्यात, आणि तीही गोष्ट सांगतात, पण जरा आवाज खाली आणून, आणि शेवटी ‘काळजी वाटते गं’ असं म्हणून.

अशा जेवणावळींहून आम्हाला घरी कोण आणायचं, तर ताई. त्या पीत नाहीत, आणि मला बर्फात गाडी चालवायची भीती वाटते. नवरा मागच्या सीटवर आडवा. गाडी सुरू झाली की त्याला बहिणीची माया दाटून यायची. ‘ताई, तू ना, स्वतःकडे लक्षच देत नाहीस,’ तो मागून म्हणायचा. ‘हेल्थ इज एव्हरीथिंग, ताई. मला बघ.’ ‘बघते हं,’ ताई म्हणायच्या. ‘बेल्ट लावलास का?’ आरशात त्या त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायच्या ती मला दिसायची. मी खिडकीतून बाहेर बघायचे. आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलायचो नाही. त्यांना वाटायचं बायकोनं विषय काढावा, मला वाटायचं सख्ख्या बहिणीनं काढावा, आणि मधल्या मध्ये आमचा माणूस रोज थोडा थोडा हातातून जात होता.

शेवटी विषय काढला तो आमच्या लेकीनं. ती मॅडिसनला कॉलेजात होती, हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘मॉम, वी नीड टू डू ॲन इंटरव्हेन्शन.’ म्हणजे काय ते तिनंच मला समजावलं. घरच्यांनी, जवळच्यांनी एकत्र बसायचं, त्या माणसाला समोर बसवायचं, प्रत्येकानं त्याला पत्र लिहून आणायचं आणि मोठ्यानं वाचायचं. भांडायचं नाही, रडून गोंधळ घालायचा नाही. तिनं आत्याला फोनसुद्धा करून टाकला होता. आत्या म्हणाली होती, मी येते आणि मी लिहिते. माझं काम एवढंच होतं की आमच्या ओळखीतल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंना सांगायचं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, रिटायर्ड डॉक्टर, नवरा फक्त त्यांचं ऐकतो, म्हणून ती दोघं हवीत. लेक कॉलेजला परत गेली आणि मी काकूंना फोन लावला. तीनदा लावला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा काकूंनी उचलल्यावर म्हटलं, ‘काकू, घरातली एक काळजीची गोष्ट आहे, सगळ्यांनी मिळून एकदा बोलायला हवं.’ पुढचं वाक्य घशाशी आलं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘तुझ्या नणंदेचंच ना? अगं, मी कधीची हेच म्हणते आहे.’

आणि मी ‘हो’ म्हटलं.

का म्हटलं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. सोपं होतं म्हणून म्हटलं, दुसरं काय. ताईंच्या वजनाबद्दल बोलायला कोणाचीच जीभ अडखळत नाही, माझीही अडखळली नाही. काकूंनी मग दोन दिवसांत सगळी जमवाजमव केली. आणखी दोन जोडप्यांना बोलावलं, कोणी काय मुद्दा घ्यायचा ते ठरवून दिलं. नवऱ्याला कळलं तेव्हा तो खूष झाला, म्हणाला, फार छान कल्पना आहे, मीच सुरुवात करतो. लेकीला मी सांगितलं की बेत पुढे ढकलला. ताईंना मात्र काहीच सांगितलं नाही. फक्त वार आणि वेळ कळवली. रविवार, दुपारी तीन.

जानेवारीचा रविवार, बाहेर श्वास गोठेल अशी थंडी. ताई सगळ्यांच्या आधी आल्या, काखेत खुर्ची, अंगात ठेवणीतला निळा कुर्ता. मी स्वयंपाकघरात होते. त्या जवळ आल्या, माझा हात धरला, त्यांचा हात बर्फासारखा गार होता. हळूच म्हणाल्या, ‘घाबरू नकोस. आधी मी वाचते, मग तू वाच. पिंट्या चिडला तर माझ्यावर चिडेल.’ त्यांच्या पर्समधून एका पाकिटाचा कोपरा दिसत होता. त्यांना अजून वाटत होतं की हे सगळं त्याच्यासाठी आहे. सांगायला तेव्हाही वेळ होता, अर्धा मिनिट तरी होता. मी चहाचं आधण ठेवायला वळले.

सगळे गोल करून बसले. नवरा उभा राहिला, हातात ऑफिसचा झाकणाचा मग. त्यात कॉफी नव्हती हे मला माहीत होतं, ताईंनाही. तो म्हणाला, ‘आपण आज ज्या माणसावर प्रेम करतो, त्या माणसासाठी जमलो आहोत.’ ताईंनी मान डोलावली आणि पर्समध्ये हात घातला. ‘कधीकधी,’ तो म्हणाला, ‘आपल्या माणसाला स्पष्ट सांगावं लागतं.’ ताईंनी पुन्हा मान डोलावली, पाकीट अर्धं बाहेर आलं. मग तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, ‘ताई, हे तुझ्यासाठी आहे.’ त्यांचा हात पर्समध्येच थांबला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या मगाकडे, आणि मग माझ्याकडे. ती नजर मला या जन्मात विसरता येणार नाही. त्यात राग असता तर मला बरं झालं असतं. मग त्यांनी पाकीट आत सरकवलं, पर्सची चेन लावली, आणि म्हणाल्या, ‘सगळे वाचणार आहात का? मग आधी चहा होऊन जाऊ दे.’

चहा झाला आणि पत्रं वाचली गेली. काकूंनी दोन पानं वाचली आणि स्वतःच हुंदके द्यायला लागल्या, तेव्हा ताईंनीच त्यांना पाणी दिलं. एका जोडप्यानं आहाराचा तक्ता छापून वर प्लॅस्टिकचं आवरण चढवून आणला होता, तो ताईंनी दोन्ही हातांनी घेतला. काकांनी गुडघ्यांची वाटी झिजल्यावर काय होतं ते कागदावर काढून दाखवलं. नवरा बोलला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. ‘मला तुला गमवायचं नाही गं ताई,’ तो म्हणाला, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मी अर्धं पान लिहिलं होतं, ते वाचलं. काय वाचलं ते आता इथे लिहायची माझी हिंमत नाही. ताईंनी चांगला कान आमच्याकडे करून सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग म्हणाल्या, ‘एवढ्या थंडीतून सगळे आलात, बरं वाटलं. आता मी निघते, रस्ता गोठायच्या आत.’ दारात त्यांनी बूट घातले, या वेळी भिंतीला धरून बराच वेळ लागला. ते पाकीट माझ्या हातात दिलं. ‘पिंट्यासाठी आणलं होतं. आज त्याची पाळी नव्हती,’ त्या म्हणाल्या. ‘तुला वाटेल तेव्हा वाच त्याला.’

मी ते पापडांच्या डब्यात ठेवलं, कारण त्या डब्याला आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. वसंतात ताईंनी पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी घेतली आणि सामान बांधून निघून गेल्या. लोकांना सांगितलं, गुडघ्यांना इथला बर्फ सोसत नाही. सगळ्यांना पटलं, काकूंनी त्यावर तिथल्या टेकड्यांवर रोज चालायचा सल्लाही दिला. मला काही पटलं नाही, पण विचारायचं तोंड कुठे होतं मला?

मे महिन्यात लेक सुट्टीला येणार होती. तिला विमानतळावरून आणायला नवरा एकटाच गेला, मी जेवण करत होते. ती गाडीपाशी आली, बाबानं दार उघडलं, आणि तिला वास आला. ती गाडीत बसलीच नाही. टॅक्सी करून मैत्रिणीच्या घरी गेली आणि मला फोन केला. ‘आय ॲम नॉट कमिंग होम, मॉम,’ एवढंच म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. नवरा एकटा परत आला आणि सोफ्यावर झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पापडांचा डबा काढला, त्याच्यासमोर बसले आणि पाकीट फोडलं. मी स्वतःही ते तोवर वाचलं नव्हतं.

‘पिंट्या, मी वाचत असताना मध्ये बोलू नकोस,’ असं सुरू झालं होतं. ‘मी एकदा थांबले की पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, हे तू मला जिना चढताना पाहिलंच आहेस. लहानपणी आई माझ्या ताटातली पोळी काढून तुझ्या ताटात टाकायची. तेव्हा मला तुझा फार राग यायचा. आता येत नाही. मी काय खाते याकडे आयुष्यभर सगळ्यांचं लक्ष होतं, घरात, दारात, ऑफिसात, आता तर डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा. तू किती पितोस याकडे कोणीच बघितलं नाही. मीही नाही. मी तुला घरी आणून सोडलं आणि माझं काम झालं म्हणून निघून गेले. मला रोज कोणीतरी बोलतं, तुला एकदाही कोणी बोललं नाही, याचं मला तुझ्यासाठी फार वाईट वाटतं रे.’ पुढचं सगळं पान सूचनांचं होतं. एकदम बंद करू नकोस, शरीराला धोका असतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोड, कोणाला फोन करायचा, काय विचारायचं, इन्शुरन्सवाल्यांशी कसं बोलायचं. एक-दोन-तीन आकडे घालून, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं स्वच्छ अक्षर.

नवऱ्यानं वाकून ते अक्षर बघितलं. मग म्हणाला, ‘ताईनं हे कधी लिहिलं?’ मी म्हटलं, जानेवारीत. ‘म्हणजे त्या रविवारी…’ तो म्हणाला, आणि मी म्हटलं, हो. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग त्यानंच पान माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्या नंबरला फोन केला.

पुढचं काही फार सरळ झालं नाही. तो उपचारांना गेला, आला, तीन महिने न पिता राहिला, पुन्हा प्यायला, पुन्हा गेला. बेसमेंटमधला बार त्यानं स्वतःच काढून टाकला. लेक आता घरी येते, पण गाडीची चावी कोणाच्या हातात आहे ते आधी बघते. बाहेर कळलं तेव्हा मला वाटलं लोक तोंड फिरवतील, तर उलटंच झालं. काकूंनी शिरा करून आणला. काकांनी त्याला मिठी मारली. मंडळाच्या जेवणात लोक रांगेनं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होते, केवढं धैर्य, केवढा निग्रह. लागतंच धैर्य, मी रोज बघते ते, मी कुठे नाही म्हणते? पण त्याच जेवणात त्यानं ताईंना व्हिडिओ कॉल लावला आणि काकूंनी फोन हातात घेतला. ‘बघ गं, तुझा भाऊ कसा सुधारला,’ त्या म्हणाल्या. ‘आता तू मनावर घे.’ पडद्यावर ताई हसल्या. ‘घेते ना काकू,’ त्या म्हणाल्या. मला इतकं थकल्यासारखं झालं की मी पानावरून उठले आणि कोटांच्या खोलीत जाऊन बसले.

नवरा उपचार घेऊन घरी आला त्या दिवशी ते कळवायला मी ताईंना फोन केला, आणि हल्ली रोज संध्याकाळी आठ वाजता करते. त्यांच्याकडे तेव्हा सहा वाजलेले असतात. त्या हॅलोसुद्धा म्हणत नाहीत, फक्त विचारतात, ‘आज?’ मी म्हणते, ‘नाही.’ म्हणजे आज नाही घेतली. ‘बरं,’ त्या म्हणतात, आणि मग आम्ही भाजी, पाऊस, लेकीचा नवा मित्र असं काहीबाही बोलतो. गेल्या शरदात एकदा माझ्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मी घरी आले ती तशीच झोपले, फोन राहिला. दुसऱ्या दिवशी लावला तेव्हा ताई बोलता बोलता म्हणाल्या, ‘काल जेवायचं राहिलंच बघ.’ का हो, मी विचारलं. ‘तुझा फोन नव्हता आला ना,’ त्या म्हणाल्या, आणि कॉलिफ्लॉवर किती महाग झालाय ते सांगायला लागल्या. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. इतके दिवस ही बाई माझं ‘नाही’ कानावर पडेपर्यंत पान वाढून घेत नव्हती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून मी आठाचा फोन कधी चुकवला नाही.

मार्चमध्ये एका गुरुवारी नवरा प्यायला. गाडी गराजमध्ये लावून आतच बसून होता, मी दार उघडलं तेव्हा कळलं. त्याला आत आणलं, झोपवलं, डॉक्टरांना निरोप ठेवला. आठ वाजले. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. ‘आज?’ ताईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘नाही.’ पलीकडे ताट काढल्याचा आवाज आला. ‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘मग वाढून घेते.’

रविवारी मला राहवेना. म्हटलं, ‘ताई, गुरुवारी मी तुमच्याशी खोटं बोलले.’

‘कळलं होतं मला,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या आवाजावरून.’

‘मग तेव्हा बोलला का नाहीत?’

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता रडतील, किंवा मी रडेन.

‘फार भूक लागली होती गं,’ ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘आज?’

‘नाही,’ मी म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं.